सलीमचा डगला

पुण्याहून निघताना बॅगेत दोन शर्ट, सलीमच्या बायकोसाठी, म्हणजे भाभींसाठी, आमसुलं आणि मी स्वतः शिवून घेतलेली मलमलीची एक मोठी पिशवी होती. पिशवी बघून बायको म्हणाली, "मित्र गेला तेव्हा व्हिसा काढायला जमलं नाही. आता कपडा आणायला बरं जमलं!" तिचं खरं होतं.

हा कपडा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्रज छत्रीधारी सैनिकांचा डगला. वर्दीवर चढवायचा, ढगळ, डोक्यातून घालायचा, छातीपर्यंत अर्धी चेन, आणि मागे एक शेपूट. ते पायांतून पुढे घेऊन बटणांनी लावायचं, म्हणजे विमानातून उडी मारल्यावर वाऱ्याने डगला फुगत नाही. सुरुवातीचे डगले माणसांनी हाताने रंगवले होते. वाळूच्या रंगाच्या कापडावर मोठ्या ब्रशने हिरवे आणि तपकिरी फराटे. त्यामुळे एकासारखा दुसरा नाही. पाण्यात घातला की रंग उतरतो, म्हणून आज ते जवळजवळ मिळतच नाहीत. मी आणि सलीम जन्मभर अशा एका डगल्याच्या मागे हात धुऊन लागलो होतो. आमची ओळखच मुळी जुन्या बाजारात एका लष्करी पट्ट्यावरून भांडताना झाली. तो श्रीवर्धनचा, नोकरीला दुबईजवळच्या रास अल खैमात, टाइल्सच्या कारखान्यात. पट्टा त्याने नेला, मैत्री मात्र राहिली.

मायदेशी परत चाललेल्या एका म्हाताऱ्या इंग्रजाने सलीमला तो डगला दिला. त्या रात्री फोनवर सलीम लहान मुलासारखा ओरडत होता. "अरे, खिशाच्या वर रंगवणाऱ्याचा ब्रश कोरडा पडलाय! केसांच्या रेघा उठल्यात. बोटाने कळतात." फोटो पाठव म्हटलं, तर म्हणाला, "नाही पाठवणार जा. ये आणि हातात घे." मी आज जातो, उद्या जातो करत राहिलो. तेवढ्यात तोच गेला.

दुबईला उतरून तिथल्या देरा भागात आलो. सलीमचा मुलगा इम्रान तिथे गाडी घेऊन थांबला होता. "यल्ला काका, ट्रॅफिक लागायच्या आत निघू," म्हणाला. शहर मागे पडलं तशी वाळू लाल होत गेली. मध्येच एखादं गाफचं झाड (आपल्याकडच्या शमीच्या जातीचं), त्याच्या सावलीला दोन-चार उंट. एका टपरीवर करक (उकळून दाट केलेला चहा) घेतला. तो इतका गोड की माझ्या साखरेची खैर नव्हती. माझ्याच हातून सांडून निम्मा शर्टावर गेला.

चहा पिता पिता इम्रान म्हणाला, "काका, डगला घरात नाहीये. अब्बा हॉस्पिटलमध्ये होते ना, बोलताच येत नव्हतं नीट. 'डगला... अनंत...' एवढंच, तुमचं नाव घेतलं आणि खलास. तेव्हापासून अम्मीने घर उलटंपालटं केलंय. म्हणते, त्यांची अमानत (सांभाळायला दिलेली ठेव) होती, मी घालवली. झोपत नाही ती."

खोटं कशाला बोलू, पहिला विचार डगल्याचाच आला. भाभींचा नंतर.

रास अल खैमाचे डोंगर दिसू लागले. बोडके, करडे, एक झुडूप नाही. सलीम म्हणायचा, "आमचे डोंगर मुंज झाल्यासारखे." आठवलं आणि हसू यायच्या ऐवजी डोळेच भरून आले.

भाभींनी दार उघडलं ते माफी मागतच. "अनंतभाऊ, कुठल्या तोंडानं बोलू तुमच्याशी? त्यांनी एवढी एकच गोष्ट सांगितली हो मला!" मी म्हटलं, "भाभी, आधी जेवायला घाला, भूक लागलीय." त्याने त्यांना जरा बरं वाटलं. तांदळाची भाकरी आणि कनादचं (म्हणजे आपली सुरमई) कालवण होतं. सलीमच्या खुर्चीवर कोणी बसलं नाही.

जेवताना भाभींनी विचारलं, "पितळी बटणांचाच ना तो? लष्करी, जाड?" डगला त्यांनी कधी पाहिलाच नव्हता; एखाद्या लष्करी साहेबाच्या कोटासारखं काहीतरी शोधत होत्या. मी तोंड उघडणार, इतक्यात मोठ्या भांड्यातून मला आणखी कालवण आलं आणि बोलणं राहून गेलं.

दुपारी मला बाहेरच्या खोलीत आडवं व्हायला सांगितलं. एसीने खोली गार पडली होती. भाभींनी एक गोधडी आणून अंगावर टाकली. दारातून नात जोया ओरडली, "अंकल, डोन्ट पुट युवर फीट ऑन इट! इट्स दादाज!"

"इद्दतीत शिवली," भाभी म्हणाल्या. इद्दत म्हणजे नवऱ्यामागे बाईने घरात राहायचे ते महिने. "त्यांचेच कपडे सगळे. हा ईदचा कुर्ता, ही लुंगी. बाहेर कोणाला द्यायला हातच होईना." मग मधल्या जाड तुकड्यावर हात फिरवत म्हणाल्या, "हा गॅलरी रंगवतानाचा सदरा असणार. काळ्या पिशवीत कोंबला होता. तीनदा उकळून धुतला, पण मेले डाग काही जाईनात."

फिकट हिरवा, फिकट तपकिरी. मधोमध खिसा तसाच ठेवलेला. वर कोरड्या ब्रशच्या रेघा. मी बोट फिरवलं. कळत होत्या.

भाभी दार ओढून गेल्या. मी गोधडी तोंडावर घेतली आणि रडलो. सलीमसाठी रडलो, आणि हो, डगल्यासाठीसुद्धा.

सांगावं तर ती बाई कात्री घेऊन टाके उसवत बसली असती आणि मरेपर्यंत स्वतःला माफ केलं नसतं. न सांगावं तर रोज कपाटं उपसत राहिली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन कानाला लावून गॅलरीत गेलो, उगाच हो-हो केलं आणि आत येऊन म्हणालो, "भाभी, आमच्या घरून फोन होता. पार्सल आलंय! शेजाऱ्यांकडे कधीचं पडून होतं. आत डगला आहे. सलीमनेच पाठवलेला. 'अनंतला पाठवलाय' असं सांगत असणार तो तुम्हाला."

"या अल्ला, शुक्र आहे," म्हणत भाभी ओढणीत तोंड घालून किती वेळ रडल्या. मग डोळे पुसून हळूच म्हणाल्या, "पण मला न सांगता पाठवला? मला न सांगता त्यांनी कधी मीठसुद्धा आणलं नाही हो घरात."

एक काटा काढायला गेलो आणि दुसरा रुतवून बसलो. इम्रान माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं असेल का, देव जाणे. विमानतळावर सोडताना त्याने मला घट्ट मिठी मारली, एवढं खरं.

पुण्याला आलो. बायकोने रिकामी पिशवी बघितली आणि घडी घालून कपाटात ठेवली. जुन्या बाजारातल्या मंडळींना मी "नाही मिळाला" एवढंच सांगतो. त्यांना खरं सांगितलं तर ते कपाळावर हात मारतील, भाभींना नावं ठेवतील, आणि ते मला ऐकवणार नाही.

सलीमला मात्र सांगायला हवं होतं. म्हणालो असतो, लेका, जन्मभर शोधलेला डगला तुझ्या बायकोने तीनदा उकळून गोधडीत घातला, आणि मी तो पांघरून झोपलो. त्याने आधी मला यथेच्छ शिव्या घातल्या असत्या, मग ठसका लागेपर्यंत हसला असता. यात हसण्यासारखं काय आहे ते कळणारा तो एकटाच होता. मी एकट्याने हसून बघितलं. जमलं नाही.