भस्माचा ठिपका

पेट्रोल भडकलं त्या साली सोलापुरातल्या बड्या लोकांनी आपल्या मोठाल्या गाड्या विकायला काढल्या आणि आमच्या वडिलांनी, अप्पांनी, त्यातली एक घेतली. विलायती, सहा सिलिंडरची, आत खऱ्या चामड्याच्या गाद्या. अप्पा गिरणीत तीस वर्षं मागांचे मास्तर होते. मालकाची ही गाडी रोज फाटकातून आत येताना त्यांनी बघितली होती आणि निवृत्त झाल्यावर तीच आमच्या दारातल्या लिंबाखाली येऊन उभी राहिली. आमची आई, तिला आम्ही अव्वा म्हणायचो, गाडीला पांढरा हत्ती म्हणायची, रंग काळाकुळकुळीत असला तरी. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, विजेच्या ऑफिसात नोकरीला, डिप्लोमावाला. मला त्या गाडीचा मनापासून राग होता.

पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक होते. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते आणि ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळून धरतात. गावातल्या मिस्त्रींनी असलं काही पाहिलं नव्हतं, त्यांनी सरळ हात वर केले. तबकड्यांवर इतके खोल चरे पडले होते की नख अडकायचं. शेवटी मामेभावाने मुंबईच्या जुन्या बाजारातून दोन तबकड्या आणि पॅड मिळवले आणि रेल्वे पार्सलने पाठवले. अप्पा म्हणाले, घरीच बदलू.

घाई होती, कारण माझी धाकटी बहीण विजापूरला दिलेली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी. तिला आणायला सोमवारी अप्पा आणि अव्वा जाणार होते, अप्पाच गाडी चालवणार होते. दारात गाडी असताना पोरीला एस.टी.च्या धक्क्यांत आणायची नाही, हे त्यांनी महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं.

अप्पांची कामाची एक रीत होती. विभूतीची वडी त्यांच्या खिशात कायम असायची. बोल्ट आवळून झाला की वडीवर बोट घासून ते बोल्टावर एक पांढरा ठिपका द्यायचे आणि म्हणायचे, "आयतु." कानडीत, म्हणजे झालं. गिरणीत ही खूण सगळ्यांना ठाऊक होती. मास्तरांचा ठिपका असला की तिथे दुसऱ्या कुणी पाना लावायचा नाही. मी लहानपणापासून त्या ठिपक्यावर विसंबून सायकल चालवली होती.

रविवारी सकाळी आम्ही कामाला बसलो. गाडी जॅकवर घेतली, खाली दगडांची थप्पी लावली, चाकं काढली. पॅड धरून ठेवणारा जो जड भाग असतो, कॅलिपर, तो दोन बोल्टांवर बसवलेला असतो. एका चाकाला दोन, दोन्ही मिळून चार. अप्पांनी कॅलिपर सोडवून सुतळीने वर टांगले, नव्या तबकड्या पेट्रोलने पुसून बसवल्या. हात अजूनही मास्तरांचाच होता. मी कौतुकाने बघत होतो, हेही खरं.

पण गेल्या काही महिन्यांपासून मला एक धास्ती होती. अप्पा विसरत होते. चहा पिऊन कप विसळून ठेवायचे आणि घटकाभराने विचारायचे, "आज चहा न्हाय का?" अव्वा मुकाट्याने दुसऱ्यांदा आधण ठेवायची. मी काही बोललो की म्हणायची, "वय झालं की." झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आम्हा दोघांचं चाललं होतं.

कॅलिपर परत बसवताना मी रॉकेल आणायला आत गेलो. बाहेर आलो तर अप्पा बोल्टांवर ठिपके देत होते. "आयतु," ते म्हणाले. पाना मी गेलो तेव्हा जिथे पडला होता तिथेच पडलेला होता. मी आत असताना आवळले असतील आणि पाना परत तिथेच ठेवला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. मास्तरांना बोल्टाविषयी विचारायचं म्हणजे भटजींना संध्या येते का विचारण्यासारखं. मग मी गाडीत बसून ब्रेकचं पेडल मारलं, ते खालून नळीतली हवा काढत राहिले. "दाब." "सोड." "दाब." पेडल दगडासारखं घट्ट झालं तेव्हा अप्पा किती खूश झाले होते.

संध्याकाळी ते पूजेला बसले. अर्धा तास तरी उठणार नव्हते. चाकं परत चढवलेली होती, म्हणून बोल्टांपर्यंत हात जावा यासाठी मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, गोणपाट टाकून चाकामागे आडवा झालो आणि डावीकडच्या वरच्या बोल्टाला हात लावला. तो बोटांनी फिरला. ठिपका होता आणि बोल्ट बोटांनी फिरला. खालचाही फिरला. उजवीकडचा एक घट्ट, दुसरा ढिला. विजापूर रस्त्यावरचा पुलाआधीचा उतार डोळ्यांसमोर आला, आणि मागच्या गादीवर बसलेली बहीण.

मी तिन्ही बोल्ट आवळले. पण पान्याने ठिपके पुसले गेले, आणि निघण्याआधी अप्पा ठिपके बघितल्याशिवाय राहायचे नाहीत. विभूती त्यांच्या पुढ्यात होती. मी स्वयंपाकघरात गेलो आणि चुलीतली चिमूटभर राख घेतली.

"राख कशाला रे?" अव्वाने विचारलं.

"हाताचं ग्रीस निघत न्हाय."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. "नीट झालंय न्हवं सगळं?"

"व्हय."

राखेत थोडं पाणी घालून मी तीन ठिपके दिले. मला वाटलं, मी लई शहाणपणा केला. अप्पांचा मान राहिला, बहिणीचा जीव राहिला.

सकाळी उजाडताच अप्पा पांढरं धोतर नेसून, कपाळाला भस्म लावून गाडीपाशी आले. स्टिअरिंग वळवलं, उकिडवे बसले, डावीकडच्या ठिपक्याला बोट लावलं. बोट अंगठ्यावर चोळलं. मग उठून पलीकडे गेले आणि तिथेही तेच केलं. मी जेवणाचा डबा हातात धरून उभा होतो.

"पाना लावलास?"

"व्हय. एक जरा ढिला वाटला."

"एक?"

"एकच."

त्यांनी धोतराच्या सोग्याला बोटं पुसली. "राखेचे ठिपके तीन हायत," ते म्हणाले.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. अव्वा पिशवी घेऊन दारात उभी होती, ती जमिनीकडे बघत राहिली.

"काल सांगितलं असतंस तर मी पाना घिऊन परत बसलो असतो की," अप्पा म्हणाले. "माझी चूक मला दावायची होतीस. लेकरासारखं फसवलंस." किल्ली माझ्या हातात देऊन ते गाडीत मागच्या गादीवर जाऊन बसले. शेजाऱ्यांकरवी मी ऑफिसात निरोप धाडला आणि गाडी काढली. पुलाआधीच्या उतारावर ब्रेक असा लागला की अव्वाचा डोळा लागला होता, तिची झोपही मोडली नाही. मी आरशात बघितलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. विजापूरपर्यंत मला वाटत राहिलं की त्यांना त्यांच्या विसरण्याचं दुःख झालंय.

ते तसं नव्हतं, हे परत निघताना कळलं. बहीण ओटी भरून, नवी हिरवी साडी नेसून पायऱ्या उतरत होती. तिच्या सासरची सगळी माणसं निरोपाला दारात आली होती. अप्पांनी मला स्टिअरिंग वळवायला सांगितलं, डिकीतून पाना काढला आणि त्या सगळ्यांसमक्ष पांढऱ्या धोतरानिशी मातीत आडवे झाले. मी म्हणालो, "अप्पा, मी आवळलेत." त्यांनी ऐकलं, पण माझ्या शब्दावर हात थांबवला नाही. एकेक बोल्ट ओढून बघितला. चारही घट्ट निघाले.

मग ते उठले, धोतर झटकलं आणि बहिणीसाठी दार उघडून धरलं.

"बस, बाळ," ते म्हणाले. "मी बघितलंय."