चाचांची गच्ची आणि पावणेआठची एसटी

मला स्वस्थ बसता येत नाही. बायको म्हणते, "तुम्ही जेवायला बसलात तरी निघाल्यासारखेच दिसता." असल्या माणसाला रोज सकाळी भोरच्या बेकरीत पावासाठी खोळंबावं लागलं, की पिशवीत पाव कमी आणि डोक्यात किस्से जास्त साठतात. आता इतके झालेत, की वेल्ह्याच्या एसटीत शेजारचा मला बघून झोपेचं सोंग घेतो!

बेकरी रफिकचाचांची. खाली भट्टी, मधल्या मजल्यावर घरमालक नाना आणि त्यांची बायको, वर गच्ची. चाचांच्या बायकोनं गच्चीत तेलाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना, मिरची, वांगी असलं काय काय लावलं होतं. दोन वर्षांपूर्वी चाची गेल्या. झाडं राहिली. चाचांचे गुडघे जिना चढू देईनात, तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकांनाच कामाला लावलं.

"पाव निघायला धा मिन्टं हायेत. तवर वर एक तांब्या घालून या."

"चाचा, माझी एसटी पावणेआठला आहे!"

"मग पळत जावा."

*

असाच एकदा तांब्या घेऊन वर गेलो. घड्याळ पाहिलं, तर पावणेआठ होऊन गेलेले!

"मेलो! गेली माझी गाडी!"

वांग्याच्या डब्यामागून एक खाकी शर्ट उठला. आमच्याच गाडीचा ड्रायव्हर! हातात तांब्या.

"कुठं जातीय गाडी? मी हितं हाय न्हवं!"

*

पहिल्या महिन्यात जिन्याजवळची मिरची पाण्यात बुडून मेली आणि मागचा टोमॅटो पाण्यावाचून वाळला. सगळेच माझ्यासारखे घाईतले. वर पोचलं, पहिला डबा दिसला, की तांब्या उपडा! सगळ्या गल्लीचं पाणी एकट्या मिरचीला.

चाचा भडकले. "आरं, पाव्हण्याला बी कुणी एवढं पाजत न्हाई!"

त्या दिवशी त्यांनी घरटी एकेक डबा वाटून दिला. माझ्या वाट्याला नवी मिरची आली. तेव्हापासून गल्लीत माणसं एकमेकांच्या तब्येतीआधी टोमॅटोची चौकशी करतात.

*

दिवाळीत बायका नानखटाईचं पीठ घरी मळून आणतात, चाचा ती भट्टीत भाजून देतात. दरवर्षी अदलाबदल ठरलेली. आमची साजूक तुपातली शेजारी जायची आणि शेजारची आमच्याकडे यायची. मग चाचांनी फर्मान काढलं, की ज्याच्या डब्यात जे उगवतं, त्याचं पान नानखटाईवर दाबून आणायचं. कुणाची मेथी, कुणाचा ओवा, कुणाची तुळस.

आमची मिरची! गेल्या दिवाळीत मी नानखटाईचा डबा वेल्ह्याला ऑफिसात नेला. सगळ्यांनी पान बघितलं आणि हात मागे घेतले.

"अहो, गोड आहे!"

"आसंल. तुमी आधी खावा."

खाल्ली. तरी कुणी घेईना. चार दिवस मी एकटाच खात होतो!

*

यंदा पंख्याखाली निवांत झोपलेल्या नानांच्या कपाळावर छतातून थेंब पडला. नाना बनियनवरच खाली आले.

"चाचा, दिवाळीपातूर गच्ची मोकळी पायजे. एक डबा दिसायला नको!"

चाचा एरवी सुट्ट्या पैशांवरूनही वाद घालतील. आज नुसते पाव मोजत राहिले. नाना गेल्यावर म्हणाले, "तिचा पुदिनाच न्हाई ऱ्हायला, तर म्या हितं काय करू? भट्टी बंद करतो न् पुण्याला लेकीकडं जातो."

पाव काय, कुठंही मिळतो. पण दुसऱ्या दिवसापासून मी तांब्या न मागताच वर जायला लागलो आणि उगाच डब्यांभोवती फेऱ्या मारायला लागलो.

*

दिवाळीच्या दोन दिवस आधी नाना नानखटाईचा उघडा डबा घेऊन बेकरीत शिरले. वाटणीच्या वेळी त्यांनी डबा घेतलाच नव्हता, त्यामुळे त्यांची नानखटाई कायम बिनपानाची. आज प्रत्येकीवर पुदिन्याचं पान!

"हे कुणाचं पान?"

"तुमचंच," चाचा म्हणाले. "टाकीमागं तुमचा डबा हाय. आमच्या हिनं जायच्या आधी वैनींना फांदी दिली व्हती. रोज दुपारी वैनी पाणी घालत्यात."

"मला न्हाई कुणी सांगितलं!"

नाना ताडताड जिना चढून गेले. वर डबा सरकल्याचा आवाज आला. चाचांनी भट्टीचं दार उघडलं, लावलं, परत उघडलं. तिकडे स्टँडवर एसटीचा हॉर्न वाजत होता. कंडक्टर वाजवत असणार, कारण ड्रायव्हर आमच्यातच उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी जागचा हललो नाही.

जिन्यातून नाना ओरडले, "हातोडी द्या! न् एक मोठा खिळा!"

कुणीच देईना. चाचा पिठाच्या पोत्यावर मटकन बसले.

"आवो, द्या की लवकर! ह्या डब्याला खाली भोकच न्हाई. पाणी तुंबलंय. मरंल की पुदिना!"