दोघांनी ढकलायचं दार

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही राव. बुटाच्या तळव्याला लोखंडाचा कीस चिकटून घरी येतो ना, तसे ते येतात, आणि मग झाडून निघत नाहीत. माझ्याकडचे हे किस्से मात्र कंपनीतले नाहीत. ते कुरुळीतल्या गणेशच्या खोलीवरचे आहेत, गुरुवारचे, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवसाचे. सगळ्यांत फजिती माझीच! आणि हसण्यापेक्षा लाजच जास्त.

आधी लाजेचं सांगून टाकतो. मी कंपनीत इन्स्पेक्टर. शिफ्टचा पहिला पीस मोजून मी रजिस्टरवर सही केली की मगच प्रेस चालू होते. एका सकाळी मुलीच्या ॲडमिशनचा फोन आला, आणि मी पीस न बघताच सही ठोकली. भोक सरकलेलं निघालं, सगळा लॉट भंगारात गेला. इन्क्वायरीत मी सांगितलं, "पहिला पीस ओके होता. नंतर ऑपरेटरने सेटिंग हलवलं असेल." ऑपरेटर म्हणजे हाच गणेश. लातूरकडचा, तिशीतला, पर्मनंट व्हायला टेकलेला. त्याचं लेटर तिथंच अडकलं. सही केली तेव्हा तो मशीनमागे होता, त्याने काही पाहिलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

*

शेवटी राहवेना. एका गुरुवारी खरं सांगून टाकायला त्याच्या खोलीवर गेलो. त्याला वाटलं, साहेब सहज आलेत! त्याने चहा टाकला आणि माझ्या हातात गेमचा रिमोट दिला. "खेळा सर, पहिल्यांदाच आलाव आमच्याकडं." खालच्या मजल्यावर राहणारे घरमालक तांबेनानाही येऊन बसले होते. ते आमच्याच कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात.

पडद्यावर एक गडी गुहेच्या तोंडाशी उभा. मीही उभा! पाच मिनिटं झाली.

"सर, उभं का राहिलाव?"

"पण अजून इन्स्ट्रक्शन कुठे आलीय?"

तांबेनानांनी कपाळावर हात मारला. "आवो सायेब, हितं कोन सुपरवायजर न्हाई! चाला की!"

चाललो. वाटेतलं प्रत्येक पिंप थांबून चारी बाजूंनी तपासलं. त्या नादात सांगायचं राहूनच गेलं.

*

दुसऱ्या गुरुवारी ठरवूनच गेलो. पण रिमोट हातात आला आणि मी डावीकडच्या झुडपात शिरायला लागलो. झुडूप काही हलेना. मग उजवीकडच्या भिंतीला पंधरा धडका दिल्या.

"काय करायलाव सर?"

"दुसरा रस्ता शोधतोय."

"दुसरा नाहीच सर. या गेमात एकच रस्ता, सरळ. कितीबी इकडं तिकडं करा, शेवटी तिथंच यावं लागतं."

तो बिचारा गेमबद्दलच बोलत होता. मी मात्र त्याच भिंतीला सोळावी धडक दिली.

*

तिसऱ्या खेपेला तर कहरच! दोरीचा पूल, खाली दरी, पूल मागून तुटत येतोय. आणि बरोबर दहा वाजले. वीस वर्षं दहाला चहाचा भोंगा ऐकतोय. हात आपोआप थांबले, रिमोट खाली ठेवला आणि मी कपाकडे वळलो!

"सायेब, गडी पडला की खाली!" तांबेनाना ओरडले.

गणेश हसून लोटपोट झाला. "सर, तिथं ब्रेक नसतो!" मग डोळे पुसत म्हणाला, "काही नाही सर, मागच्या जागेवरनं परत सुरू होतंय. गेमात माफी असतीय."

मी परत खेळलो. सांगितलं काहीच नाही. घरी जाताना स्वतःचीच शिसारी आली.

*

चौथा गुरुवार. आता गड्याच्या सोबतीला एक लंगडा म्हातारा आला होता. मी जोरात पळालो आणि एका दगडी दाराशी पोचलो. ढकललं. उघडेना. वीस मिनिटं ढकललं! शेवटी मी निकाल दिला, "दार डिफेक्टिव्ह आहे. लाल टॅग लावा."

"सर, दार ओके हाय. मागं बघा. म्हातारबा कुठंय?"

म्हातारबा ओढ्यापलीकडे काठी टेकून उभा होता.

"दोघांनी ढकलायचंय ते दार. त्याला एकट्याला सोडून आलाव तुमी."

तेवढ्यात गणेशला गावाहून आईचा फोन आला. तो म्हणत होता, "होईल गं पर्मनंट. इन्क्वायरी चालू हाय. नाही, साहेब लोक चांगले हायत. आत्ता घरीच आलेत माझ्या."

मी रिमोट ठेवला आणि चप्पल घालून निघालो. तांबेनाना मागून विचारत होते, "का वो सायेब, भोंगा झाला का?"

*

शुक्रवारी मॅनेजरसाहेबांना सगळं लिहून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "दोन महिन्यांनी आठवलं?" गणेशची इन्क्वायरी बंद झाली. मला वॉर्निंग लेटर मिळालं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शॉपला कळलं होतं. माझ्या टेबलावर डबा खायला कुणी आलं नाही.

शनिवारी सकाळची शिफ्ट. गणेश पहिला पीस घेऊन समोर उभा राहिला. लाइनवरचे सगळे बघत होते. तो काय बोलेल या धास्तीने माझं डोकंच चालेना. त्या गडबडीत मी पीस टेबलावर ठेवला, रजिस्टर ओढलं, आणि सवयीने खिशातलं पेन काढलं!

गणेशने रजिस्टरवर अलगद हात ठेवला.

"सर," तो हळूच म्हणाला, फक्त मला ऐकू येईल एवढंच, "आज तरी बघून करा."