माहेरच्या पंगतीतली कागदी प्लेट

नातेपुत्याला मेव्हण्याच्या नातवाचं जावळ होतं. पंगतीत सगळ्यांपुढे स्टीलची ताटं आली आणि माझ्या बायकोपुढे, तिच्याच माहेरात, कागदी प्लेट. महिनाभर ती खोकत होती. तिच्या भावजयीने परस्पर टीबी ठरवून टाकला होता. मी भरल्या ताटावरून उठलो. अजून त्या दारात पाय ठेवलेला नाही.

सोलापुरात आल्या आल्या तिला दवाखान्यात नेलं. हातगाडीवर टॉवेल विकता विकता नवी पेठेत दुकान केलेला माणूस मी. घासाघीस तिथंही सुटली नाही. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "टीबी नाही एवढं लिहून द्या. बाकी काही नको."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. बायकोला विचारू लागल्या: संध्याकाळी ताप येतो का? वजन उतरलं? थुंकीतून रक्त? सुरुवातीला नाक गळणं, अंगदुखी? ती सगळ्याला नाही म्हणाली.

"मग खोकला वाढतो कधी?"

"पहाटं. आन् दुकानात चादरींचे गठ्ठे सोडताना. छातीत शिट्टी वाजल्यागत हुतं."

"दमा वाटतोय. पण इतका लांबलाय, तर थुंकी तपासू, एक्स-रे काढू."

"वाटतोय ना? मग तपासण्या कशाला वाढवताय?" माझा आवाज चढला.

"तुम्ही गप बसा की," बायको म्हणाली. "खोकला माझा हाय." मग तिने हळूच विचारलं, ताट वेगळं ठेवावं लागतं का.

"टीबी असला तरी तो हवेतून पसरतो, ताटातून नाही."

रिपोर्ट येईपर्यंत दुकानात बूड टेकेना. भाव कमी करा म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या अंगावर धावून गेलो. घरी मुद्दाम तिच्या उष्ट्या कपातला चहा प्यायलो, तर तिने कप हिसकावून घेतला. "खरंच निघालं म्हंजे?" डॉक्टरीणबाईंचं बोलणं तिनेही ऐकलं होतं. तरी तो कप तिने वेगळा घासून वेगळाच पालथा घातला.

थुंकीत, एक्स-रेत टीबी नव्हता; दमाच निघाला. तोंडाने ओढायचा पंप मिळाला, गठ्ठे सोडायला मनाई झाली. मी रिपोर्टचा फोटो काढला आणि मेव्हण्याला धाडण्यासाठी चार शेलके शब्दही जुळवले. तिने फोन काढून घेतला.

"आन् टीबी निघाला असता, तर त्यांचं बरोबर हुतं व्हय?"

पंप ओढून, चूळ भरून ती भाकरी थापायला बसली. दुकान उघडायची वेळ टळून गेली, तरी मी चपला घालून घरातल्या घरात फिरत होतो.