तांबडीचं रक्त आणि आमचा फ्रीज

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. पुढे ऐकताना चहा सांडला तर मी जबाबदार नाही!

नव्वदनंतरची गोष्ट. मंठा तालुक्यातल्या एका गावात, गुरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. डॉक्टर वेगळे, मी वेगळा. पण अख्खं गाव मलाच डॉक्टर म्हणायचं आणि मी कुणाला एकदाही दुरुस्त केलं नाही. का करावं?

त्यात दवाखान्याला लसी ठेवायला फ्रीज आला. गावातला पहिला! मी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि किल्ली चक्क करगोट्याला बांधली. बायको म्हणाली, "माझ्याकडं कधी इतकं बघितलं न्हाई!"

एका शनिवारी संध्याकाळी गयाबाई मावशी रडकुंडीला येऊन दारात उभी. तिची तांबडी गाय चार दिवस तापलेली, वैरणीला तोंड लावेना. वर सात महिन्यांची गाभण. मावशीच्या दावणीला दुसरं जनावरच नव्हतं. मोठे डॉक्टर रजेवर गेलेले, माझ्या इंजेक्शनांनी ताप हलेना. रक्त तपासल्याशिवाय रोग कळायचा नव्हता.

मी रक्त काढलं. ते साकळू नये म्हणून औषध घातलेली बाटली, तिच्यावर चिठ्ठी, सगळं बराबर! पण प्रयोगशाळा जालन्याला आणि मधे रविवार. लाइटीचा तर भरवसाच नाही. मग मी डोकं चालवलं. कुणी सांगितलं होतं चालवायला?

"मावशी, लाइट गेली की खालचा कप्पा कोमट होतो. वर बर्फात ठेवतो. आठ दिवस रक्ताला बिलकुल धक्का न्हाई!"

"तुमी म्हन्ता तर आसंल, डाक्टर."

सोमवारी सकाळी बघतो तर रक्त दगडासारखं टणक! मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बाटली बर्फाच्या थर्मासात घातली आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्याने "काय हाय त्यात?" विचारलं तर म्हटलं, "सरकारी काम हाय."

प्रयोगशाळेत पोचेपर्यंत ते पुन्हा पातळ झालं होतं. तिथल्या मॅडमनी बाटली उजेडात धरली.

"रक्त कुठंय?"

"हेच की, मॅडम."

"हे तर गुलाबाचं सरबत झालंय! बर्फात ठेवलं होतं का?"

"व्हय तर! एक मिनिट भाईर काढलं न्हाई!" मी छाती फुगवून सांगितलं.

मॅडमनी कपाळावर हात मारला. रक्त गोठलं की त्यातल्या पेशी फुटतात म्हणे. मग मोजायचं काय आणि जंतू शोधायचा कुठं? गार ठेवायचं, पण साध्या कप्प्यात, आणि लवकरात लवकर आणायचं.

मावशीला तोंड कसं दाखवू? गाय गेली तर?

मॅडमनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं. "आता तुमच्यावर नको सोडायला. मीच येते."

आणि आल्या हो, त्याच दुपारी, जीप घेऊन! तांबडीच्या कानातून थेंब घेतला, काचेवर पसरवला. कासेजवळ गोचीड शोधून मला दाखवले. मला ते चार दिवसांत दिसले नव्हते! दुसऱ्या दिवशी निरोप आला, गोचीडताप. सोबत औषधही आलं. तिसऱ्या दिवशी तांबडीने कडब्याला तोंड लावलं.

मी मावशीपुढे हात जोडले. "मावशी, चूक माझी. रक्त मीच नासवलं."

"नासवलं म्हनून तर जालन्याची जीप माझ्या दारात आल्ती!" मावशी ताठ मानेने म्हणाली. तेच तिने गावभर सांगितलं.

पुढच्या सोमवारी दवाखाना उघडतो तर बाहेर जनावरांची ही रांग! पहिल्याच माणसाने म्हैस पुढे केली.

"हिचं रक्त घ्या."

"हिला काय झालंय?"

"ते मॅडम येऊन सांगतेन. तुमी फकस्त तेवढं बर्फात ठिवा!"