अण्णाचा लोहचुंबक

जुनी गाडी बघायची तर आधी मालकाच्या बडबडीला कान बंद करायचे आणि दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक लावायचा. पत्रा असेल तर तो टक्कन चिकटतो. गंज लपवायला वर जाडजूड पुट्टी थापली असेल तर घसरून खाली पडतो. हे मला बाबांनी शिकवलं. ते गेल्यावर मल्लेश्वरमच्या आमच्या गोतावळ्यात कुणाला जुनी गाडी घ्यायची झाली की मलाच बोलवायचे. बाईमाणसाला बोनेटमध्ये डोकं घालताना बघून मालकांचे चेहरे असे काही व्हायचे, की तेवढ्यासाठीसुद्धा मी गेले असते.

माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी सायबर कॅफेचं खूळ लागलं. तासभर बसायचा, आणि त्या तासात एका गाडीचा फोटो वरून उतरत उतरत निम्म्यावर यायचा. तिथे त्याला अमेरिकेतला एक लोहचुंबक सापडला. पेट्रोलच्या नळीवर बसवायचा; म्हणे पेट्रोलचे कण रांगेत उभे राहतात आणि गाडी सुसाट पळते. "अण्णा, आपल्या बस स्टॉपवर माणसं रांगेत उभी राहत नाहीत, पेट्रोल कशाला राहील?" मी म्हटलं. त्याने मित्राकरवी मागवलाच.

मग तिथेच त्याला आनेकलमधल्या एका गाडीची जाहिरात दिसली. लाल, दोन सीटची, विलायती स्पोर्ट्स गाडी, आम्हा दोघांहून वयाने मोठी. मालकाला बदल्यात चार दारांची घरगुती गाडी हवी होती. म्हणजे बाबांची. जिच्यात बाबांनी मला क्लच सोडायला शिकवलं, जिच्या कप्प्यात त्यांची तपकिरीची डबी अजून होती, ती. "तू बघून सरी, ठीक आहे, म्हटलंस तरच घेऊ," अण्णा म्हणाला. एवढा त्याचा माझ्यावर विश्वास.

आणि दिवस कुठला धरला, तर आयुधपूजेचा! त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांना हळदकुंकू लावून देवापुढे मांडतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. पाने, जॅक, बाबांचा लोहचुंबक, सगळं देवापुढे. "गाडी तपासायला जातोय की ओवाळायला?" मी ओरडले. आईने डोळे वटारले. बाबांच्या गाडीला झेंडूची माळ घालून, चाकांखाली लिंबं चिरडून आम्ही रिकाम्या हातांनी निघालो.

आनेकलचे मालक म्हातारे आणि भले निघाले. "नोडी, नोडी, बघा ना," करत त्यांनी स्वतःच बोनेट उघडून दाखवलं. मी बोटांच्या पेरांनी दारं वाजवली आणि चरकलेच. आवाज कसा खणखणीत! इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. धूर नाही, खाली तेलाचा थेंब नाही. अण्णा स्टिअरिंग धरून हसत बसला होता. इतकी सच्ची जुनी गाडी मी तोवर पाहिली नव्हती. आणि मी अण्णाला बाजूला घेऊन छातीठोक सांगितलं, "नुसती पुट्टी आहे. दारं सडलीत आतून. नको."

लाज वाटली? वाटली ना! पण तोंडातून गेलं ते गेलं.

अण्णाने खिशात हात घातला. कर्म माझं! नव्या गाडीला तिथल्या तिथे बसवायचा म्हणून तो अमेरिकन चुंबक बरोबर घेऊन आला होता. पार्सल आदल्याच दिवशी आलेलं, पूजेत मांडायचं राहून गेलेलं. त्याने तो दाराच्या खालच्या कडेला धरला. टक्. मडगार्डला धरला. टक्. मी जमिनीकडे बघत उभी.

त्याने चुंबक ओढून काढला, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मालकांना कन्नडमध्ये म्हणाला, "तुमची गाडी उत्तम आहे. पण आमची द्यायला आमचंच मन होत नाही."

दुसऱ्या दिवशी हत्यारं मोकळी झाल्यावर त्याने तो चुंबक बाबांच्या गाडीच्या पेट्रोलच्या नळीवर बसवला, मला शेजारी बसवलं आणि मल्लेश्वरमला एक चक्कर मारली. गाडी होती तशीच कण्हत चढ चढत होती.

"पिकअप वाढला ना?" त्याने विचारलं.

"खूप वाढला, अण्णा," मी म्हणाले. पुढे ती गाडी घरात होती तोवर तो विचारत राहिला आणि मी तेच सांगत राहिले.