पीतांबराचा रंग

बटण दाबायची सवय माझी. रोह्याच्या एका कंपनीत चौतीस वर्षं तेच केलं. हिरवा दिवा लागला की दाबायचं, लाल लागला की सुपरवायझरला हाक मारायची. त्यामुळे बायकोच्या फोनवर इंग्रजीत काहीतरी आलं आणि खाली दाबायला दोन शब्द दिसले, तेव्हा मी बेधडक उजवीकडचा दाबला. कार्ड खराब झालंय, पुसून नवं करू का, असं तो विचारत होता म्हणे. मी म्हटलं, कर. मिनिटभरात तिचे सगळे फोटो गेले.

ती जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. फोन कपाटात तिच्या साड्यांखाली पडून होता आणि तसाच पडून राहिला असता, पण गणपतीचा प्रश्न आला. आमचा दीड दिवसाचा. वर्षाच्या आत घरात नको म्हणून गेल्या खेपेला धाकट्या भावाने आपल्याकडे बसवला. या वर्षी मात्र गणपती माझ्याच घरी येणार होता आणि तिने आणलेला असायचा तसाच यायला हवा होता. दर उन्हाळ्यात आम्ही पेणला जायचो. फोनमधला मागच्या वर्षीचा फोटो दाखवून ती मूर्तीच्या कारखान्यात सांगायची, असाच हवा. तो फोटो मी पुसून बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, त्यात काय, तोंडाने सांगायचं. काय सांगणार, कप्पाळ? इतकी वर्षं त्याच्यासमोर बसून आरत्या ओरडलो, पण त्याचा पीतांबर कोणत्या रंगाचा होता ते मला आठवेना. भावाला विचारलं तर म्हणतो, पिवळा असेल. असेल! पीतांबर म्हटल्यावर कोणीही पिवळाच सांगेल. शेजाऱ्यांकडच्या फोटोंत आरतीचं ताट आणि त्यांची पोरं. आम्हाला मूलबाळ नाही, विचारणार कोणाला? घरात बायको असली की नवऱ्याला कशाचा रंग ठाऊक असावा लागत नाही. ती गेल्यावर कळतं की आपण आंधळेच होतो.

बाजारपेठेत मोबाइलचं एक दुकान आहे, पंचविशीतली एक मुसलमान बाई ते चालवते. नवरा कुवेतला. तिने कार्ड काढून उलटसुलट पाहिलं.

"काका, ह्याच्यानंतर नवीन फोटो नाय ना काढला एकपण?"

"काढले. तीन. चालतोय का बघायला."

"कशाचे?"

"दोन पंख्याचे, एक सिलिंडरचा."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "पुसलेलं लगेच जात नाय हो काका. जागेवरच पडून असतं. नवीन काय आलं की ते त्याच्या डोक्यावर बसतं. आता तुमचा पंखा कुणाच्या डोक्यावर बसलाय ते बघायला पायजे. दोन दिवसांनी या."

मी दुसऱ्याच दिवशी गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. खरं सांगतो, कामासाठी जात नव्हतो. तिथे कोणीतरी "या काका" म्हणायचं, स्टूल पुढे करायचं. घरी मला टीव्हीशिवाय कोणी या म्हणत नाही. एकटं वाटतं, दुसरं काय? पुरुषमाणसाने असं बोलू नये म्हणतात. न बोलून मी काय मोठं कमावलं?

चौथ्या दिवशी तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. सुप्रभातचे गुलाब सगळे परत आले होते, एकालाही ओरखडा नाही. चिवट जात. गॅसच्या पुस्तकाचं पान आलं, दवाखान्याचे रिपोर्ट आले, कुंडीतली मिरची आली, हिरवी असताना, लाल होताना, तोडून वाटीत ठेवल्यावर. ती स्वतः एकाही फोटोत नव्हती. असणार कशी? काढणारी तीच. कधीतरी म्हणायची, "अहो, माझा एक काढा की." मी म्हणायचो, "रोज बघतोच आहे." चार लोकांत मी हजरजबाबी म्हणून प्रसिद्ध होतो.

गणपतीचा फोटोही आला. मुकुट आला, कपाळ आलं, भुवया आल्या. तिथून खाली सरळ रेघ आणि नुसतं राखाडी. डोळे नाहीत, सोंड नाही, पीतांबर तर नाहीच.

"नाय होत ह्याच्या पुढं," ती हळूच म्हणाली. "लई प्रयत्न केला, काका." मग फोन हातात घोळवत म्हणाली, "आमच्या घरचा माणूस पण फोनमधीच असतो. एक दिवस रेंज नसली की माझा जीव खालीवर होतो."

तिचा माणूस सुट्टीला तरी येणार होता.

रविवारी माळ्यावरून गणपतीचा पाट काढला. आमच्याकडे पाट आपला द्यायचा, त्याच्यावर कारखानेवाले मूर्ती ठेवून देतात. पाट गोणपाटात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर बांधला आणि निघालो. नागोठण्यापुढे हायवे उकरलेला. हे काम कधी संपणार ते तो गणपतीच जाणे. कासूला तिचं माहेर. तिथलं वळण आलं की ती मागून माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवायची, हळू म्हणून. त्या दिवशी पाट टोचत होता. तरी मी तिथे हळू घेतली.

कारखान्याच्या दारात जरा थबकलो. इतक्या वर्षांत मी आत पाऊल टाकलं नव्हतं. ती आत जायची आणि मी बाहेर गाडीवर बसायचो. "या की आत," म्हणायची. मी म्हणायचो, "गाडीजवळ कोण थांबणार?" पेणच्या त्या गल्लीत माझ्या खटारा गाडीला कोण हात लावणार होतं? मला कंटाळा यायचा, एवढंच. बायका निवडायला लागल्या की तास जातो.

आत सगळीकडे पांढरेफटक, बिनरंगाचे गणपती. एक बाई खाली बसून रंग झालेल्या एका मूर्तीचे डोळे रेखत होती. मी पाट पुढे केला, फोन काढला आणि अर्ध्या राखाडी फोटोची कर्मकहाणी सुरू केली. तिचं लक्ष फोनकडे नव्हतंच. तिने पाट उलटा केला, निरांजनाने जळलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हा तर रोह्याच्या काकींचा. काकी नाय आल्या?"

मी सांगितलं. तिने हातातला ब्रश वाटीत ठेवला.

"आणि तुम्ही?"

"मी नवरा."

"अगो बाई! ते गाडीवाले व्हय तुम्ही!"

तिथे मला त्याच नावाने ओळखत होते.

ती उठून टॅब घेऊन आली. तिथली पद्धत अशी, की मूर्ती ठरली की गिऱ्हाइकाला पाटासकट नमुन्याशेजारी उभं करून फोटो काढायचा, म्हणजे चतुर्थीच्या गर्दीत कोणाचा गणपती कोणाच्या घरी जात नाही. तिने मागची वर्षं शोधून काढली. चार फोटो मिळाले. पीतांबर वांगी रंगाचा होता, काठ पिवळा. पण मी त्याच्याकडे कुठे बघत होतो? चारही फोटोंत ती होती. अख्खी, डोक्यापासून पायापर्यंत, पाट छातीशी धरलेली, पदर नीट केलेली.

मग एक गोष्ट खटकली. चारही फोटोंत ती एका कडेला होती. मूर्ती मधोमध, तिच्या डावीकडे ही अंग चोरून, आणि उजवी बाजू मोकळी.

"ही अशी कडेला का उभी आहे?" मी विचारलं.

बाई जरा घुटमळली. "दर वर्षी म्हणायच्या, थांब गो जरा, हे येतायत गाडी लावून. आम्ही थांबायचो. मग त्याच म्हणायच्या, काढ तू."

तिने पाणी दिलं, ते प्यालो. वहीत लिहिलं गेलं, वांगी पीतांबर, पिवळा काठ, काकींसारखाच. मग तिने टॅब उचलला.

"चला काका, फोटो."

पाट छातीशी धरून मूर्तीच्या उजवीकडे जाऊन उभा राहिलो.

"मध्ये सरका की, बाजू मोकळी दिसतेय."

"थांब जरा," मी म्हणालो.

ती थांबली. का, ते तिने विचारलं नाही. मी दाराकडे बघत होतो. दारातून ऊन आत आलं होतं, दुसरं कोणी आलं नाही.

"काढ तू," मी म्हणालो.

बाहेर आलो. गाडी लावली होती तिथेच उभी होती, तिला कोणी हातही लावला नव्हता.